आधी येईल त्याची खिडकी

डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावर साउथवेस्ट या विमान कंपनीच्या गेटाशी स्टीलचे खांब ओळीनं उभे असायचे. प्रत्येक खांबावर आकड्यांची पाटी. एकावर १ ते ५, पुढच्यावर ६ ते १०, त्यापुढे ११ ते १५. आपल्या बोर्डिंग पासवर जो नंबर असेल त्या पाटीशी जाऊन उभं राहायचं. पासवर सीटचा नंबर नसायचाच. बी-३७ म्हणजे बी गटातला सदतिसावा माणूस, एवढंच. विमानात शिरल्यावर जी सीट रिकामी दिसेल ती आपली.

२०१६ साली आई साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. ह्यूस्टनला मामेभावाकडे निघालो तेव्हा तिला मी त्या खांबापाशी उभं केलं. तिनं आधी आपला पास पाहिला, मग पाटी पाहिली, मग पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला पास वाकून पाहिला. "अगं, ह्यांचा चाळीस आहे. हे आपल्या मागं पाहिजेत." त्या माणसाला मराठीचा गंध नव्हता, पण तिचं बोट त्याला कळलं. तो हसला आणि मागे सरकला. मागच्या बाईंनी आपण होऊन आईला स्वतःचा नंबर दाखवला. आईनं मान डोलावली, त्यांना जागा करून दिली. पाच मिनिटांत आमच्या पाटीशी रांग नीट लागली होती. "एसटीसारखंच आहे की सगळं," ती म्हणाली, "इथं फक्त खिडकीतून रुमाल टाकत नाहीत."

आत गेल्यावर दोघींना शेजारी शेजारी जागा मिळेना. मधल्या सीटा तेवढ्या उरल्या होत्या. मी काही बोलायच्या आत खिडकीशी बसलेला एक कॉलेजातला मुलगा उठला, पाठपिशवी काढून मागच्या रांगेत मधे जाऊन बसला आणि आईला हातानं खिडकी दाखवली. ह्यूस्टन येईपर्यंत आई खाली बघत होती.

२७ जानेवारी २०२६ पासून साउथवेस्टनं ही पद्धत बंद केली. आता तिथंही इतर कंपन्यांसारखा सीटचा नंबर मिळतो. चोपन्न वर्षांहून जास्त काळ चाललेली ही रीत कशी सुरू झाली, कशी टिकली आणि कशी संपली, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं. एका सकाळी कुणीतरी ठरवलं आणि ती बंद पडली, असं घडलेलं नाही. ती तुकड्या-तुकड्यानं विकली गेली, आणि शेवटी तिच्यात टिकवण्याजोगं फारसं उरलं नाही.

मुळात ही कंपनी निघाली ती टेक्सास राज्यापुरती. रोलिन किंग आणि वकील हर्ब केलेहर यांनी १५ मार्च १९६७ रोजी 'एअर साउथवेस्ट' या नावानं तिची नोंदणी केली. डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांचा त्रिकोण हॉटेलातल्या नॅपकिनवर काढला, अशी तिची जन्मकथा सांगतात. कथा गोड आहे, पण तिला आख्यायिकाच म्हटलेलं बरं. खरी गोष्ट त्रिकोणाच्या आत होती. राज्याची हद्द न ओलांडणाऱ्या विमानांवर वॉशिंग्टनच्या नागरी विमान मंडळाचा अंमल चालत नव्हता. भाडं किती घ्यायचं, कुठून कुठं उडायचं, हे मंडळ ठरवायचं. टेक्सासच्या आतच उडलं तर त्याची परवानगी लागत नव्हती. कॅलिफोर्नियात पीएसए नावाची कंपनी याच वाटेनं स्वस्तात उडत होती आणि तिचा कित्ता समोर होता.

फेब्रुवारी १९६८ मध्ये टेक्सासच्या विमान आयोगानं परवाना दिला आणि दुसऱ्याच दिवशी ब्रॅनिफ, कॉन्टिनेंटल आणि ट्रान्स-टेक्सास या तीन जुन्या कंपन्यांनी कोर्टातून मनाई आणली. त्यानंतर तीन वर्षं नुसती कोर्टबाजी. जमवलेला पैसा वकिली खर्चात संपत आला, तेव्हा पुढची लढाई केलेहर फी न घेता लढले. १९७० मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. त्या वर्षअखेरीस देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं विरोधकांचं अपील ऐकायला नकार दिला. मार्च १९७१ मध्ये कंपनीचं नाव 'साउथवेस्ट एअरलाइन्स' झालं आणि १८ जून १९७१ रोजी तीन बोइंग ७३७ घेऊन ती उडाली. भाडं २० डॉलर.

मोकळ्या जागांची गोष्ट इथून सुरू होते, आणि तिच्या मुळाशी तत्त्व नव्हतं, टंचाई होती. तेव्हा इतर कंपन्यांत सीट द्यायची म्हणजे गेटावरच्या कर्मचाऱ्यासमोर विमानाचा कागदी नकाशा असायचा. त्यावर प्रत्येक सीटची एक चिकटपट्टी. प्रवासी आला, खिडकी हवी म्हणाला, की पट्टी सोलायची आणि त्याच्या पासवर चिकटवायची. एकेका माणसामागं अर्धं-पाऊण मिनिट सहज जायचं. पन्नास मिनिटांच्या प्रवासासाठी एवढा सोपस्कार परवडण्याजोगा नव्हता. कंपनीकडे माणसं मोजकी, पैसा त्याहून मोजका.

१९७२ साली तर गळ्याशी आलं. चौथं विमान घेतलं होतं, ते पगार भागवण्यासाठी विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचं होतं. फेऱ्या कमी केल्या तर माणसं कामावरून जाणार. तेव्हा जमिनीवरच्या कामाचे प्रमुख बिल फ्रँकलिन यांनी हिशेब मांडला : विमान गेटाला लागल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत दहा मिनिटांवर वेळ जाऊ द्यायचा नाही. मग तीन विमानांत चारांचं काम होतं.

दहा मिनिटं म्हणजे काय, हे ज्यानं भरलेल्या विमानातून उतरायची वाट पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. तेवढ्यात उतारू उतरायचे, सामान निघायचं, नवं सामान चढायचं, केबिन साफ व्हायची आणि नवे प्रवासी बसायचे. जेवण नव्हतंच, त्यामुळे ट्रॉल्या भरायच्या नव्हत्या. पडेल ते काम ज्याच्या हाताला येईल त्यानं करायचं. प्रवाशांच्या वाट्याला आलेलं काम एवढंच, की आत शिरा आणि बसा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तुमची सीट ठरलेली नसेल तर तुम्ही तिचा नंबर शोधत मधल्या वाटेत अडून राहत नाही. पुढचा माणूस वरच्या कप्प्यात बॅग कोंबत असेल तर त्याच्या अलीकडची रिकामी सीट तुम्ही धरता आणि वाट मोकळी होते. शिवाय मागे राहिलं तर मधली सीट मिळेल ही धास्ती असतेच, त्यामुळे कुणी कॉफी घेत रेंगाळत नाही. कर्मचाऱ्यांची काटकसर आणि प्रवाशांची घाई यांची अशी जोडी जमली, आणि दहा मिनिटांत विमान सुटू लागलं.

पुढच्या वर्षी डॅलस-सॅन अँटोनिओ मार्गावर साउथवेस्टनं १३ डॉलर भाडं केलं, तर ब्रॅनिफनं तेच डॅलस-ह्यूस्टनवर, म्हणजे साउथवेस्टच्या खऱ्या कमाईच्या मार्गावर केलं. साउथवेस्टनं प्रवाशांना सांगितलं, १३ डॉलर द्या किंवा पूर्ण २६ द्या आणि दारूची एक बाटली घेऊन जा. कचेरीच्या खर्चानं उडणाऱ्यांनी पूर्ण भाडं भरलं आणि बाटली घरी नेली. १९७३ हे कंपनीचं पहिलं नफ्याचं वर्ष ठरलं. तिथून २०१९ पर्यंत सत्तेचाळीस वर्षं ती दर वर्षी नफ्यात होती. अमेरिकेतल्या विमान धंद्यात हे दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

त्या काळचा बोर्डिंग पास हा कागद नव्हता. तो प्लॅस्टिकचा, पत्त्याच्या पानाहून थोडा मोठा तुकडा होता. त्यावर मोठा आकडा छापलेला, बाकी काही नाही. गेटावर आधी आलेल्याला १, नंतरच्याला २. विमान लागलं की १ ते ३० नंबरवाले आधी, मग ३१ ते ६०, मग पुढचे. आत जाताना तुकडा परत द्यायचा. कर्मचारी ते गोळा करून आकड्यांनी लावायचे. मधला एखादा आकडा गायब दिसला की तो प्रवासी अजून चढलेला नाही, हे लगेच कळायचं. मग तीच चवड पुढच्या विमानाला. वाण्याच्या दुकानात चिठ्ठी असते तसं तिकीट आणि पुन्हा पुन्हा हाताळून कडा झिजलेला प्लॅस्टिकचा नंबर, एवढ्या सामानावर एक विमान कंपनी चालत होती.

आतल्या बैठकीतही एक गंमत होती. जुन्या ७३७ विमानांत काही सीटा उलट्या, मागे तोंड करून असायच्या. सहा अनोळखी माणसं गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर. त्याला लाउंज म्हणत. कुणाला आवडायचं, कुणी टाळायचं, पण तिथं बसून कुणाशी न बोलता प्रवास करणं अवघडच होतं. आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ सहकारी होत्या. त्या सत्तरीच्या दशकात दर सोमवारी डॅलसहून ह्यूस्टनला जायच्या. आपला पहिला मालक त्यांना लाउंजमध्ये समोर बसलेला भेटला, असं त्या सांगायच्या.

१९७४ मध्ये डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्यामधलं नवं प्रचंड विमानतळ उघडलं. बाकी सगळे तिकडे गेले, साउथवेस्ट जुन्या लव्ह फील्डवरच राहिली आणि त्यापायी तिला पुन्हा कोर्टात लढावं लागलं. १९७८ च्या कायद्यानं देशभर भाडी आणि मार्ग मोकळे झाले. जानेवारी १९७९ मध्ये कंपनीचं पहिलं विमान राज्याबाहेर, न्यू ऑर्लीन्सला उतरलं. लगोलग लव्ह फील्डहून लांब उडण्यावर बंधन घालणारी राइट दुरुस्ती आली. ती पूर्ण उठायला ऑक्टोबर २०१४ उजाडला. या सगळ्या धकाधकीत मोकळ्या जागा मात्र बदलल्या नाहीत.

केलेहर पुढं कंपनीचे प्रमुख झाले. त्यांच्या वकिली कचेरीत सेक्रेटरी असलेल्या कॉलिन बॅरेट २००१ मध्ये अध्यक्ष झाल्या. एवढ्या मोठ्या विमान कंपनीची अध्यक्ष झालेली ही पहिली स्त्री. या दोघांच्या काळात मोकळ्या जागांना नवा अर्थ आला. टंचाईतून आलेली रीत कंपनीची ओळख बनली. पहिला वर्ग नाही, पडदा नाही, एकच केबिन. कंपनीचा संचालक असो की नातवाला भेटायला निघालेली आजी, जो आधी आला त्याची खिडकी. मी अमेरिकेत आले तेव्हा मला याचंच अप्रूप वाटलं होतं. पैशानं माणसाची जागा ठरते अशा या देशात एक ठिकाण असं होतं, की जिथं लवकर येण्याला किंमत होती.

अर्थात त्या लवकर येण्याचा त्रासही होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २००१ च्या हल्ल्यानंतर विमानतळांवरची तपासणी बदलली, प्लॅस्टिकचे तुकडे गेले, त्याजागी ए, बी, सी अशी अक्षरं छापलेले पास आले. गट कळायचा, पण गटातला क्रम नाही. म्हणजे ए मिळालेली माणसंही तास-दीड तास आधी येऊन गेटासमोर जमिनीवर बसायची. गुरं हाकल्यासारखं वाटतं, अशी लोकांची तक्रार होती. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि गुडघे दुखणारे यांनी तासभर रांगेत उभं राहायचं, हे काही समतेचं लक्षण नव्हे.

२००६ मध्ये कंपनीनं सॅन डिएगोहून सुटणाऱ्या काही विमानांत सीट नंबर देऊन पाहिले. वर्षभर विचार झाला. सप्टेंबर २००७ मध्ये प्रमुख गॅरी केली यांनी जाहीर केलं की जागा मोकळ्याच राहतील, बदलेल ती रांग. त्या नोव्हेंबरपासून प्रत्येकाच्या पासवर अक्षर आणि आकडा दोन्ही आले : ए १ ते ६०, बी १ ते ६०, मग सी. आणि आईनं ज्यांच्याशी रांग लावली ते खांब आले. जमिनीवर बसणं संपलं. माझ्या मते साउथवेस्टनं बोर्डिंगमध्ये केलेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट. खांबाला खर्च तो काय, पण माणसांचं उभं राहणं सुसह्य झालं. आणि अनोळखी माणसाला विचारायला एक प्रश्न मिळाला : "तुमचा नंबर किती?" आम्हा मराठी माणसांना लोकलमधला "कुठं उतरणार?" माहीत आहे. हा त्याचाच टेक्सासमधला भाऊ.

नंबर मिळवायचा तर उड्डाणाच्या बरोबर चोवीस तास आधी ऑनलाइन चेक-इन करायचं. माझ्या फोनवर त्याचा गजर लावलेला असे. एकदा एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना तो वाजला आणि मी अक्षता एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं चेक-इन केलं. बी-१४ मिळाला. पाच मिनिटं उशीर झाला असता तर सी.

पण त्याच नोव्हेंबर २००७ मध्ये दुसरी एक गोष्ट सुरू झाली, आणि माझ्या दृष्टीनं खरा शेवट तिथून सुरू झाला. जास्त भाड्याचं 'बिझनेस सिलेक्ट' तिकीट घेणाऱ्याला ए गटातले पहिले पंधरा नंबर राखून मिळू लागले. २००९ मध्ये 'अर्लीबर्ड' आलं. सुरुवातीला १० डॉलर द्या, तुमचं चेक-इन इतरांच्या आधी आपोआप होईल. पुढे पहिल्या पंधरातले उरलेले नंबर गेटावर विकत मिळू लागले. नेहमी उडणाऱ्यांना वेगळा मान होताच. म्हणजे चोवीस तासांच्या ठोक्याला मी बटण दाबायचे तेव्हा माझ्यापुढचे कित्येक नंबर आधीच गेलेले असायचे. जागा मोकळ्या होत्या, रांग मात्र विकाऊ झाली होती.

मला याचं वाईट वाटतं, कारण मोकळ्या जागांचा सगळा न्याय रांगेत होता. एसटीच्या स्टँडवर गाडी लागण्याआधी दोन तास येऊन बसलेल्या म्हाताऱ्याला पुढची सीट मिळते, तेव्हा मागचा माणूस कुरकुरत नाही, कारण म्हातारा दोन तास बसलेला त्यानं पाहिलेलं असतं. पैसे भरून पुढे गेलेल्याबद्दल ती भावना येत नाही. बाकीच्या कंपन्या निदान जी सीट विकतात ती दाखवून विकतात. इथं पैसे देणाऱ्यालाही नक्की काय मिळेल हे माहीत नसायचं. अर्लीबर्ड घेऊनही बी गट आला म्हणून हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत.

वेळेच्या हिशेबानं पाहिलं तर मोकळ्या जागांची बाजू शेवटपर्यंत भक्कम होती. जेसन स्टेफन नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं २००८ मध्ये बोर्डिंगचं गणित मांडलं आणि नंतर खोट्या केबिनमध्ये ७२ माणसांना घेऊन ते करून पाहिलं. मागच्या रांगांना आधी बोलवायचं, ही सगळ्यांना सरळ वाटणारी पद्धत फार संथ निघाली. कारण त्यात सगळी माणसं एकाच ठिकाणी गर्दी करून बॅगा ठेवायला धडपडतात. वाटेल तसं चढलं तर गर्दी पांगते. २०१४ मध्ये 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमातही हेच प्रयोग झाले. नंबर नसलेल्या सीटांवर माणसं सर्वांत लवकर बसली, आणि सर्वांत नाराजही तीच माणसं होती. त्या दोन निकालांत साउथवेस्टची सगळी अडचण आली.

नाराजीची कारणं गेटापलीकडे होती. सीट धरून ठेवण्याबद्दल कंपनीचा नियमच नव्हता. धरा असंही नाही, धरू नका असंही नाही. त्यामुळे एकानं ए नंबर घ्यायचा आणि सी नंबरवाल्या चौघांसाठी रांग अडवून बसायचं, हे चालायचं. आईला मी सांगायला हवं होतं, की रुमाल इथंही टाकतात, फक्त खिडकीतून नाही. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना घेऊन आलेल्यांना ए आणि बी गटांच्या मधे सोडायचे, पण सात वर्षांचं मूल बरोबर असलं की आईबापांचा जीव टांगणीला. व्हीलचेअर मागून सर्वांत आधी चढायचं आणि उतरताना चालत जायचं, असेही काहीजण करतात, ही कुजबूज शेवटच्या काही वर्षांत फार वाढली होती. दुसऱ्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याबद्दल बोलताना मी जपून बोलते. पण त्या कुजबुजीनं रांगेतला विश्वास कमी केला, हे खरं.

आणि विमानं बदलली होती. दोन-तृतीयांश भरलेल्या विमानात मोकळ्या जागा म्हणजे चैन असते. मधली सीट रिकामी, त्यावर पुस्तक ठेवा. शेवटच्या सीटपर्यंत भरलेल्या १७५ सीटांच्या विमानात तीच पद्धत म्हणजे शेवटच्या पन्नास माणसांसाठी मधली सीट ठरलेली. डॅलस-ह्यूस्टनच्या पाऊण तासात कुणी हरकत घेत नाही. बाल्टिमोरहून कॅलिफोर्नियापर्यंत पाच-सहा तास दोघांच्या कोपरांत बसणं वेगळं. कंपनी लांब उडू लागली आणि टेक्सासच्या त्रिकोणासाठी शिवलेला अंगरखा तिला तोकडा पडू लागला.

जगात इतरत्र ही रीत आधीच संपली होती. भारतात २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली तेव्हा तिथंही सीट नंबर नसायचे. पहिल्यांदाच विमानात बसणारी कितीतरी माणसं बसच्या सवयीनं जागा धरायला धावायची. २००८ मध्ये ती कंपनी किंगफिशरमध्ये विलीन झाली. युरोपात ईझीजेटनं २०१२ अखेर आणि रायनएअरनं फेब्रुवारी २०१४ पासून सगळ्यांना सीट नंबर दिले. साउथवेस्ट तेव्हाही आपल्या रीतीवर ठाम होती. त्याआधी, २०११ मध्ये, तिनं एअरट्रान ही विमान कंपनी विकत घेतली होती. तिच्यात सीट नंबर होते, बिझनेस क्लास होता. साउथवेस्टनं ते दोन्ही काढून टाकलं आणि तिला आपल्यासारखं करून घेतलं.

मग वाईट वर्षं आली. ३ जानेवारी २०१९ रोजी केलेहर गेले. २०२० च्या साथीत नफ्याची साखळी तुटली. २०२२ च्या नाताळात हिमवादळानंतर कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक लावणारी यंत्रणा कोलमडली आणि १६,००० हून अधिक उड्डाणं रद्द झाली. एप्रिल २०२४ मध्ये कॉलिन बॅरेट गेल्या. त्याच महिन्यात प्रमुख बॉब जॉर्डन यांनी सीटांच्या पद्धतीचा अभ्यास चालू असल्याचं सांगितलं. जूनमध्ये एलियट या गुंतवणूक संस्थेनं सुमारे १.९ अब्ज डॉलरचा हिस्सा घेतल्याचं जाहीर करून व्यवस्थापन बदलण्याची मागणी केली. २५ जुलै २०२४ रोजी कंपनीनं मोकळ्या जागा संपवत असल्याची घोषणा केली. आपल्या प्रवाशांपैकी ८० टक्के आणि संभाव्य प्रवाशांपैकी ८६ टक्के लोकांना ठरलेली सीट हवी आहे, असं कंपनीच्या पाहणीत आढळलं होतं. आपल्याला सोडून दुसरीकडे जाणाऱ्यांचं पहिलं कारण मोकळ्या जागा हेच आहे, असंही तिनं सांगितलं.

मी हे आकडे खोटे मानत नाही. माझ्या ओळखीतल्या मुलाबाळांच्या घरांना विचारलं असतं तर कदाचित नव्वद टक्के आले असते. पाच वर्षांच्या लेकराला शेजारी बसवता येईल की नाही, या काळजीत कुणी विमानतळावर येऊ नये. त्यांच्यासाठी हा बदल चांगला आहे आणि तो आधीच व्हायला हवा होता. माझं दुःख वेगळं आहे. सीट ठरली त्याबरोबर सीटांचे प्रकारही झाले : साधी, पसंतीची आणि जादा पाय पसरता येणारी. सुमारे एक-तृतीयांश सीटांपुढे जागा वाढवायची ठरली. त्यासाठी लहान विमानांतली एक रांग काढली, सीटा १४३ वरून १३७ झाल्या. जो जास्त देईल तो पुढे. २८ मे २०२५ पासून घेतलेल्या तिकिटांवर बहुतेकांना चेक-इन बॅगेचेही पैसे पडू लागले, पहिलीचे ३५ डॉलर. त्या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीनं आपल्या इतिहासात पहिल्यांदा मोठी कपात केली, कचेरीतले १,७५० जण घरी गेले. ज्या कंपनीनं कुणाला काढावं लागू नये म्हणून तीन विमानांत चारांचं काम करून दाखवलं, आणि त्या कामातून मोकळ्या जागांना बळ मिळालं, तिच्याकडून ही बातमी ऐकताना मला फ्रँकलिन यांची दहा मिनिटं आठवली.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याआधी मी मुद्दाम एकदा ह्यूस्टनला जाऊन आले. काम नव्हतं. गजर लावला, चोवीस तास आधी चेक-इन केलं, बी-२१ आला. २१ ते २५ च्या पाटीशी आम्ही पाचजण होतो. सगळ्यांनी एकमेकांना नंबर विचारले, दोघांनी जागा बदलल्या. कडेच्या सीटवर बसलेल्या एका आजोबांनी मला खिडकीत जाऊ दिलं आणि मधल्या सीटवर आपली टोपी ठेवली. सी गटातली एक तरुण मुलगी आली तेव्हा त्यांनी टोपी उचलून मांडीवर घेतली. विमान सुटलं तेव्हा एकही सीट रिकामी नव्हती.

फेब्रुवारीत पुन्हा जायचं होतं. सीट तिकीट काढतानाच ठरली. निघायच्या दिवशी साताऱ्याहून आईचा फोन आला. मी गेटावर खुर्चीत बसले होते.

"नंबर किती आलाय?" तिनं विचारलं.

"आता नंबर नसतो, आई. सीटच मिळते. १७-एफ, खिडकी."

"मग रांग?"

"आहे की. आठ गट केलेत. आपला गट आला की उठायचं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि पुढच्याचा नंबर कुणी बघायचा?"

आमचा गट पुकारला. मी फोन कानाशी धरूनच उठले.